वीतभर नर्मदा

कौमुदीताई पिंपळापुरे यांनी ओंजळीत पाणी घेऊन डोळे मिटले, तेव्हा अमरकंटकला सकाळचे साडेसहा वाजले होते. थंडी हाडांपर्यंत पोचली होती आणि त्यांचे यजमान यशवंतराव नर्मदाकुंडाच्या पायरीवर उभं राहून, कुंडाची खोली किती असावी याचा अंदाज मोठ्याने बांधत होते. ऐकायला कोणी नव्हतं. पण रिटायर्ड इंजिनिअरला ऐकणारा लागतोच असं नाही.

ताईंना रोज एक नेम लागतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरी सकाळी देवापुढे हातात पाणी घ्यायचं, आणि त्या दिवसापुरतं देवाशी काहीतरी ठरवून टाकायचं. आज मीठ नाही. आज दुपारपर्यंत मौन. आज कोणाचं उणंदुणं काढायचं नाही. (हा शेवटचा नेम शेजारच्या सोनियाभाभी आल्या की फार अवघड जातो.) नेम लहान असतो, पण मोडत नाही. पंचेचाळीस वर्षांत एकही मोडलेला नाही, आणि ताई हे कोणाला सांगतही नाहीत, कारण न सांगणं हाही एक नेमच आहे.

आजचा नेम मात्र नेहमीसारखा नव्हता. मागच्या वर्षी याच मार्गशीर्षात यशवंतरावांचं हृदय उघडून शिवलं होतं, आणि रायपूरच्या त्या हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या बंद दाराबाहेर सहा तास बसून ताईंनी आपल्या माहेरच्या नदीला हाक घातली होती. माहेर जबलपूरचं, संकटात तोंडी येते ती नर्मदामैयाच. ‘मैया, हा माणूस मले परत दे. जसा आहे तसा दे. मी तुझ्या दारी येईन.’

माणूस परत मिळाला. जसा होता तसा मिळाला. आता दारी यायचं राहिलं होतं. यशवंतरावांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, हवापालट.

तर कुंडाशी ताईंना दिसले परिक्रमावासी. पांढरे कपडे, हातात काठी, खांद्याला झोळी. अख्खी नर्मदा पायी फिरायची, कोणी तीन-तीन वर्षं फिरतं, आणि तेवढ्या वाटेत तिला एकदाही ओलांडायचं नाही. ओलांडली की संकल्प खंडित, सगळं पाण्यात. ते पाहून ताईंना भरून आलं आणि त्या ओंजळीत पुटपुटल्या, ‘मैया, आज सूर्य मावळेपर्यंत मीही तुला ओलांडणार नाही. एवढी सेवा गोड मानून घे, म्हणजे माझा नवस फिटला.’

नेम त्यांना सोपा वाटला. नदी इथे नुकती जन्मलेली, वीतभर रुंद. तिचा काय अडथळा होणार! पण नुकतं जन्मलेलं मूल घरात सगळ्यात लहान असतं आणि सगळ्या घराची वाट तेच अडवून बसतं, ही गोष्ट दोन बाळंतपणं झालेल्या बाईला त्या क्षणी आठवली नाही.

बाहेर आल्यावर यशवंतराव म्हणाले, “आधी चहा. मग पॉइंट.”

त्यांच्या खिशात यादी होती. नऊ पॉइंट, दुपारी दोनच्या आत, कारण पुढे जंगलाचा रस्ता अंधारायच्या आत पार करायचा होता. चपला देवळाच्या स्टँडवर होत्या, म्हणून चौकातल्या टपरीपर्यंत सगळे अनवाणीच गेले: ताई, यशवंतराव आणि नात पायल. पायल कॉलेजात शिकते, गाडी तीच चालवते, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती हिंदीत देते. वाटेत फरशीमध्ये एक लोखंडी जाळी होती. तिच्यावर पाय पडला तसा ताईंच्या तळव्यांना गार वारा लागला आणि पायाखाली कोणीतरी गुणगुणल्यासारखं झालं. मैयाची कृपा, असं ताईंना वाटलं. यशवंतरावांना कृपा वगैरे वाटत नाही. ते जाळीशी वाकले, आत डोकावले, ‘हूं’ म्हणाले आणि चहाकडे वळले. आल्याचा चहा असा होता की ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरा ग्लास मागितला. मग त्याच वाटेने परत येऊन चपला घातल्या.

चपला घालायच्या आधी यशवंतरावांनी देवळातल्या दगडी हत्तीवर मत दिलं. या हत्तीच्या पायांमधून सरपटत जो पार निघतो तो निष्पाप, अशी समजूत. पायल निघाली. ताई निघाल्या. यशवंतराव म्हणाले, “मी नाही जात. अडकलो तर लोक म्हणतील पाप आहे. अवो, हा घेर पापाचा नाही, तुझ्या उपासाच्या साबुदाण्याचा आहे.”

साडेसातला तिघं धर्मशाळेकडे निघाले. धर्मशाळा नदीच्या दुसऱ्या काठावर. मध्ये एक पायपूल. पूल म्हणजे दोन फरशा, आणि खाली नर्मदा, आईच्या मांडीवरून खाली सांडलेल्या दुधाएवढी. पायल ओलांडून गेली. यशवंतराव गेले. ताई थांबल्या.

“चल ना,” यशवंतराव म्हणाले.

“मले नाही येता येत,” ताई हळूच म्हणाल्या.

“काहून? पाय दुखून राहिला का?”

“नेम आहे.”

पायलने कपाळावर हात मारला. “आजी, ये तो एक स्टेप है! कूद के भी नहीं, ऐसे ही, चलते-चलते!”

यशवंतराव मात्र परत अलीकडे आले. चेहऱ्यावर सरकारी चौकशीचा भाव होता. “नेम कधी घेतला? चहाच्या आधी का चहाच्या नंतर?”

“आधी. कुंडावरच.”

यशवंतरावांनी मागे वळून चौकाकडे पाहिलं. तोंड उघडलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. यशवंतरावांनी उघडलेलं तोंड आजवर शब्द काढल्याशिवाय मिटलेलं नाही. तात्यापाऱ्यातल्या नीलकंठरावांच्या वास्तुशांतीला, भरल्या पंगतीत, ‘स्लॅब गळणार’ असं सांगणारा हा माणूस. जलसंसाधन विभागात असताना अर्धवट कालव्याला ‘पूर्ण’ असं सर्टिफिकेट द्यायला नकार दिला, म्हणून दूर बस्तरच्या जंगलात, सुकम्याला बदली झाली, तर ट्रकवर बसून सामानासकट गेला, पण सही केली नाही. बायकोने केलेल्या पुरणपोळीची जाडी मिलिमीटरमध्ये सांगणारा. तर त्यांनी तोंड उघडलं, चौकाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

“बरं,” ते म्हणाले.

ताईंना वाटलं, थंडीने असेल.

मग नाश्ता आला. पायलने धर्मशाळेच्या कँटीनमधून पोह्यांची प्लेट आणली आणि पलीकडच्या काठावरून हात लांब केला. अलीकडून ताईंनी हात लांब केला. प्लेट नर्मदेच्या बरोबर मध्यावर असताना ताईंचा हात थबकला.

“अहो, पण हात ओलांडला तर चालते का?”

हा प्रश्न मोठा होता. यशवंतरावांनी सरळ रायपूरला नीलकंठरावांना फोन लावला. नीलकंठरावांनी एसी बसने पंधरा दिवसांत नर्मदा परिक्रमा केलेली आहे, त्यामुळे तात्यापाऱ्यात या विषयावरचा शेवटचा शब्द त्यांचा असतो. पहिलाही त्यांचाच असतो.

फोन स्पीकरवर टाकला. “हात मधोमध असला तर दोष नाही,” नीलकंठराव म्हणाले. “पण अंगठा पलीकडच्या काठावर गेला तर शास्त्रात मतभेद आहेत. वहिनींनी कोपर अंगाला चिकटवून ठेवावं. आणि हे पाहा, मैया उजव्या हाताला पाहिजे बरं का. डाव्या हाताला गेली की गेलं सगळं!”

“तुमची बस काय मैया उजव्या हाताले ठेवूनच पळत होती?” यशवंतरावांनी विचारलं.

“तुमच्या ह्या स्वभावानंच तुमचं हार्ट गेलं, यशवंतराव,” पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

पोहे ताईंनी कोपर अंगाला चिकटवून घेतले. अर्धे मैयाला मिळाले. माशांनी लगेच गर्दी केली. म्हणजे एवढ्या लहान वयातही मैयाच्या घरी खाणारी तोंडं भरपूर होती.

खरी अडचण दहा वाजता उभी राहिली. खोली ताईंच्या नावावर होती, कारण यशवंतरावांच्या आधार कार्डावर त्यांचा जन्म त्यांच्या लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला आहे आणि ती चूक दुरुस्त करायच्या रांगेत ते अजून उभे आहेत. ताईंचं आधार काउंटरवर जमा होतं. खोली सोडताना सही लागते.

यशवंतराव गेले आणि वीस मिनिटांनी परत आले, ओठ घट्ट मिटून. पायलने सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, मैडम आएँगी, साइन करेंगी, आधार ले जाएँगी. आबा म्हणाले, मैडम येऊ शकत नाहीत. मॅनेजर म्हणाला, क्यों? आबा म्हणाले, तांत्रिक कारणों से.

“और फिर आबा ने बोला, रजिस्टर बाहर भेज दो। मॅनेजर बोला, चौबीस साल में रजिस्टर काउंटर से नहीं उठा। आबा बोले, तो उसके नीचे की धूल भी चौबीस साल की होगी।” पायलने हात पसरले. “बस, उसके बाद तो बात ही खतम।”

“नेम आहे असं सरळ सांगितलं असतं तर?” ताई म्हणाल्या.

“तुझा नेम मी काउंटरवर सांगू? चार लोकांत?” यशवंतराव म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.

आता एकच वाट होती. नदी ओलांडायची नसेल तर तिच्या मुळाच्या पलीकडून वळसा घ्यायचा. परिक्रमावासी तेच करतात: कुंडाच्या वर एक-दीड किलोमीटरवर माईची बगिया आहे, तिथून फिरून दुसऱ्या काठाला लागतात. ताईंनी हिशोब केला. जाताना मैया उजव्या हाताला, वळल्यावरही उजव्या हाताला. नीलकंठरावांचंही समाधान.

“मी जाऊन येते. तुम्ही बसा. डॉक्टरांनी तुम्हाला जास्त चालू नका म्हटलं आहे.”

“डॉक्टरांनी रोज तीन किलोमीटर म्हटलं आहे. तूच मले बसवून ठेवते.” यशवंतरावांनी मफलर बांधला. “आणि नदीचा उगम पाहणं हे माझ्या खात्याचं काम आहे.”

“टपरीवर एकेक चहा घेऊन निघायचं का? सकाळचा फार छान होता.”

“तिकडून नको,” यशवंतराव घाईने म्हणाले. “तिकडे चढ आहे.”

चौक तर तळहातासारखा सपाट होता. पण ताई वाद घालत नाहीत.

पायल गाडीशी थांबली आणि दोघं निघाले. यादीतला पहिला पॉइंट खिशात चुरगळून गेला तो तिथेच. आधी हजारेक वर्षांची जुनी दगडी देवळं लागली, कलचुरी राजांच्या काळातली. यादीप्रमाणे त्यांना सात मिनिटं होती. चालतच जायचं म्हटल्यावर अर्धा तास मिळाला. यशवंतराव एका खांबाला हात लावून म्हणाले, “पाह्य, सिमेंट नाही. दगडावर दगड. अजून उभं आहे.” मग कुंडाचा जीर्णोद्धार नागपूरकर भोसल्यांनी केला असं म्हणतात, हे त्यांनी भेटेल त्या माणसाला सांगितलं, अशा सुरात की जणू त्या कामाची देखरेख पिंपळापुऱ्यांकडेच होती. भोसल्यांबरोबरच पिंपळापुरे रायपुरात आले, हे तर खरंच आहे.

पुढे सालाची झाडं, त्यांच्यातून तिरपं ऊन, आणि ओल्या मातीचा असा वास की रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर गिळून मोठी झालेली दोन फुप्फुसं एकदम लाजली. यशवंतराव दर शंभर पावलांवर थांबत होते. ताई दर वेळी काहीतरी पाहायच्या निमित्ताने आधीच थांबत होत्या. कोण कोणासाठी थांबतंय हे दोघांनाही ठाऊक होतं.

पंचाईत निराळीच झाली. ताईंची साडी पांढरी होती, बारीक निळ्या काठाची. हातात वाटेसाठी घेतलेली काठी. वाटेवरच्या एका बाईने पाहिलं, “नर्मदे हर!” म्हणत पळत आली आणि ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

“अहो, मी ती नाही… मैं वो नहीं हूँ,” ताई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंतही धड पोचत नाही. बाईने दोन केळी हातात दिली. तिच्या मागून तिची सासू आली, दोन केळी. एका शाळेच्या सहलीने रांग लावली. ताई प्रत्येकाला सांगत होत्या की मी फक्त आजच्यापुरती आहे, माझी गाडी आहे, माझ्या खोलीत गीझर आहे, आणि लोक म्हणत होते, “कितना धीमा बोलती हैं! तपस्या है!” माईच्या बगियाशी पोचेपर्यंत ताईंजवळ एकोणीस केळी झाली होती आणि लाजेने त्यांचा चेहरा लाल झाला होता. केळी यशवंतराव उचलत होते. त्यांना मात्र लोकांनी सेवेकरी समजून काहीच दिलं नव्हतं.

बगियेत एक खरी परिक्रमावासी बसली होती. निमाडची म्हातारी, सत्तरीच्या पुढची, टाचांना भेगा. तिने ताईंना आपल्या घोंगडीवर जागा दिली.

“कहाँ से उठाई परकम्मा, माताराम?”

ताईंनी मान खाली घातली. “यहीं से. आज सुबह. आज शाम तक की.”

म्हातारी खो खो हसली. पण हसता हसता एक केळं सोलून तिने अर्धं ताईंना दिलं. “किसके लिए?”

ताईंनी केळ्यांच्या घडाआडून दिसणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. “इनके लिए. पिछले साल इनका दिल का ऑपरेशन था. मैया से माँगा था.”

म्हातारीने यशवंतरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात बैल पाहावा तसं. “ठीक दिया है मैया ने. पूरा दिया है.” मग एकदम गंभीर झाली. “देखना, शाम तक खंडित मत होने देना. मेरा एक बार हुआ था. पाँव फिसला, उस पार. दो साल चली हुई थी. फिर पहले से चली.” तिने उरलेलं केळं तोंडात टाकलं. “जिसके लिए चली थी, उसको नहीं बताया.”

परतीच्या काठाला लागल्यावर यशवंतरावांनी केळी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “म्हणजे तू मले गहाण टाकलं होतं.”

“सोडवून आणलं ना,” ताई म्हणाल्या.

“आणि हा नेम मोडला असता तर?”

“मोडणार कसा? मी काय ओलांडलं?”

यशवंतरावांना जोराचा खोकला आला.

धर्मशाळेच्या काउंटरवर ताई पोचल्या तेव्हा साडेबारा झाले होते. मॅनेजरने पांढरी साडी पाहिली, काठी पाहिली, केळी पाहिली आणि उभाच राहिला. “माताजी, आप परिक्रमा में हैं? तो साहब ने बताया क्यों नहीं! रजिस्टर क्या, मैं काउंटर उठा लाता!” त्याने यशवंतरावांकडे असं पाहिलं की चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही मंत्र्याने पाहिलं नसेल. ताईंनी सही केली. मग कळलं की गाडीचा रस्ता पुढे मैयावरूनच जातो, आणि सूर्य मावळेपर्यंत थांबायचं म्हणजे जंगलाचा रस्ता आज होत नाही, तेव्हा हीच खोली पुन्हा लागणार. मॅनेजरने आधार परत दिलं, परत घेतलं, आणि त्याच पानावर खालच्या ओळीत ताईंनी पुन्हा सही केली. चार केळी रजिस्टरशेजारी राहिली.

नऊपैकी दीड पॉइंट झाले होते. पायल म्हणाली, “आबा, लिस्ट?” आबा म्हणाले, “लिस्ट काय पळून जाते?” पायलने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुपारभर तिघं काठावर बसून होते. ऊन पाठीवर, पाय गवतात, आणि समोर ती एवढीशी नदी, जिला अजून गुजरातपर्यंत जायचं होतं. ताईंना वाटलं, मागच्या वर्षी याच तिथीला आपण लोखंडी खुर्चीवर बसलो होतो. त्यांनी यशवंतरावांच्या घोरण्याकडे कान दिला. पंचेचाळीस वर्षं ज्याच्यावर कुरकुर केली तो आवाज, आणि आज तो थांबूच नये असं वाटत होतं.

पाच वाजता ताई पायपुलाशी जाऊन उभ्या राहिल्या. सूर्यास्त पाच वाजून बावीस मिनिटांनी होता. घड्याळ यशवंतरावांच्या हातात. वीसला पायल म्हणाली, “हो गया न, आजी?” “दोन मिनिटं आहेत,” यशवंतराव कडक आवाजात म्हणाले. बावीसला म्हणाले, “अजून एक. घड्याळ पुढे असू शकते.” तेविसाव्या मिनिटाला ताईंनी हात जोडले, क्षमा मागितली आणि पलीकडे पाय टाकला. नेम पुरा झाला. नवस फिटला. ताईंचे डोळे वाहू लागले आणि त्यांनी ते वाहू दिले.

कुंडावरची आरती झाली. आरतीसाठी काढलेल्या चपला अजून स्टँडवरच होत्या.

“आता तरी तो चहा घेऊ,” ताई म्हणाल्या.

“दुसरीकडे घेऊ. तिकडचा गोड फार आहे.”

“सकाळी तर तुम्हीच दुसऱ्यांदा साखर मागितली,” असं हळूच म्हणत ताई निघाल्यासुद्धा. चौक आता शांत होता. सकाळची गर्दी नव्हती, गाड्या नव्हत्या. अनवाणी पाय त्या लोखंडी जाळीवर पडला, तळव्याला तोच गार वारा लागला, आणि या वेळी गुणगुणणं स्वच्छ ऐकू आलं.

ताई थांबल्या. वाकल्या. जाळीखाली, फरशीने झाकलेल्या पाटातून, पाणी वाहत होतं. कुंडाकडून येत होतं आणि पायपुलाकडे जात होतं. काचेसारखं.

सकाळी जाताना एकदा. येताना एकदा. नेम घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत.

त्यांनी मागे पाहिलं. यशवंतराव जाळीच्या अलीकडे उभे होते. हात पाठीमागे, मान ताठ, सुकम्याला निघालेल्या ट्रकवर बसले होते तेव्हा होती तशी.

“नाला आहे तो,” ते म्हणाले.

ताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

“सांडपाण्याचा. वस्तीचा. नदी तिकडून, मागून जाते.” त्यांनी घसा साफ केला. “मी चौतीस वर्षं या खात्यात काढली आहेत. मले नदी आणि नाला समजते. पाहिजे तर लिहून देतो. सहीनिशी.”

ताईंनी पुन्हा खाली पाहिलं. पाण्यात आरतीच्या द्रोणातलं एक झेंडूचं फूल तरंगत आलं, जाळीखालून गेलं.

“किती स्वच्छ ठेवतात हो इथले लोक सांडपाणी,” त्या म्हणाल्या.

“फार स्वच्छ,” यशवंतराव म्हणाले. “आपल्या रायपुरात नाही असं.”

ताई जाळीवरून बाजूला झाल्या, गुडघे टेकले आणि त्या नाल्याला डोकं लावून नमस्कार केला.

“नाल्याले काहून नमस्कार करून राहिली? लोक पाहून राहिले.”

“पाहू द्या,” ताई म्हणाल्या, आणि नवऱ्याने पुढे केलेला हात धरून उठल्या. मनात मैयाला म्हणाल्या, ‘मी तर जसा आहे तसाच परत मागितला होता. तू दुरुस्त करून दिला.’

टपरीवर यशवंतरावांनी तीन चहा सांगितले. ताईंनी चार सांगा म्हटलं, कारण दोन त्यांना एकटीला लागणार होते.